जुना बँडसॉ आणि तिरका काप : घरगुती कार्यशाळेतील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले असून कोल्हापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतात. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एक छोटे लेथ आणि एक बेंच ड्रिल ठेवले आहे, आणि दुर्बिणीचे स्टँड, लेथला लागणारी जोडसाधने अशी कामे ते हौसेने करतात. त्यांचे नाव, गाव आणि ज्या कारखान्यातून यंत्र घेतले त्याचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. येथे त्यांना नुसते ‘मालक’ म्हटले आहे. मी तंत्रनिकेतनात कार्यशाळेचा विषय शिकवत असे आणि आमची जुनी ओळख असल्याने पहिल्या दिवसापासून या कामात माझाही हात होता. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतल्या निम्म्या माझ्या आहेत, हे आधीच नोंदवतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कोणताही बार सांगाल त्या लांबीचा कापून मिळतो, त्यामुळे घरी करवत यंत्र कशाला, हा प्रश्न घरच्यांनी रास्तपणे विचारला होता. मालकांचे उत्तर असे होते की एकेका तुकड्यासाठी एसटीने जाऊन येण्यात दिवस मोडतो, आणि ५० मिलिमीटर व्यासाचा माइल्ड स्टीलचा बार हॅकसॉने कापताना दोनदा थांबून खांदा चोळावा लागतो. तेवढ्यात बंद होत असलेल्या एका छोट्या कारखान्यातला आडवा बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडची यांत्रिक करवत, विकायला असल्याचे कळले, आणि यंत्र सुरू स्थितीत न पाहताच व्यवहार ठरला.

घरी आले तेव्हाची स्थिती

यंत्र लहान म्हणावे असे होते. ओतीव लोखंडाची चौकट, सुमारे १८५ मिलिमीटर व्यासाची दोन चाके, १३ मिलिमीटर रुंद, ०.६५ मिलिमीटर जाड आणि सुमारे १,६४० मिलिमीटर लांबीचे ब्लेड, तीन पायऱ्यांची पुली आणि खाली वर्म गिअरचा डबा, असा सगळा ऐवज मिळून वजन साठ किलोच्या आसपास भरले. अशा यंत्रांचे पत्र्याचे पाय कुप्रसिद्ध असतात आणि याचेही त्याला अपवाद नव्हते. वरची चौकट उभी केली की वजन मागे जाऊन सगळे यंत्र डुलत असे. ४० मिलिमीटरच्या अँगलचा नवा स्टँड गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला आणि तो विषय संपला.

कारखान्यातून आलेली मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची, थ्री-फेज, ४१५ व्होल्टची होती. घरात सिंगल फेज. जुन्या प्लगची अर्थिंगची तार आतल्या आत कापून ठेवलेली आढळली. ब्लेड यंत्रावर चढवलेलेच होते आणि ‘चार दिवसांपूर्वीच बदललंय’ असे विकणाऱ्याने सांगितले होते. या एका वाक्यावर आम्ही विश्वास ठेवला आणि पुढचे तीन रविवार त्यात गेले.

अडचण

विजेची व्यवस्था लावून पहिला काप घेतला तेव्हा यंत्र चालले, आवाजही बरा होता. मालकांनी ५० मिलिमीटरच्या बारमधून सहा मिलिमीटर जाडीची चकती कापली, तिची जाडी व्हर्नियरने वरच्या, खालच्या, पुढच्या आणि मागच्या कडेला मोजली, चारही मापे जवळजवळ सारखी आली, आणि त्यांनी समाधानाने मला फोन केला. मीही अभिनंदन केले. संध्याकाळी त्यांनी बारच्या कापलेल्या टोकाला सहज गुण्या लावला, तेव्हा खालच्या बाजूला एक मिलिमीटरहून जास्त फट दिसली.

ही चाचणी फसवी का ठरली, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. करवत तिरकी कापत असेल तर ती दर वेळी तेवढीच तिरकी कापते, म्हणजे चकतीची दोन्ही तोंडे एकमेकांना समांतरच राहतात आणि जाडी सगळीकडे सारखी भरते. कलती ती अख्खी चकतीच. त्यामुळे पहिला काप घेतल्यावर बार स्वतःच्या आसाभोवती अर्धा फेरा फिरवून दुसरा काप घ्यावा लागतो. मग दोन तोंडे उलट दिशांना कलतात, चकती पाचरीसारखी होते, आणि समोरासमोरच्या जाड्यांतला फरक खऱ्या चुकीच्या दुप्पट दिसतो. तसे करून पाहिल्यावर वरखालच्या जाडीत २.२ मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणजे ५० मिलिमीटरच्या उंचीत काप १.१ मिलिमीटर डावीकडे सरकत होता. कोनात सांगायचे तर सव्वा अंशाच्या आसपास. लेथवर तोंड साफ करायचे असले तरी एवढा तिरकेपणा म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे दीड-दोन मिलिमीटर माल वाया.

विजेचा प्रश्न आणि त्यावरचे पर्याय

मुख्य विषय कापाचा असला तरी हा निर्णय आधी घ्यावा लागला, आणि तो पुष्कळांना घ्यावा लागतो. थ्री-फेज जोडणी घेणे अर्ध्या हॉर्सपॉवरसाठी परवडणारे नव्हते. दुसरा पर्याय सिंगल फेजवरून थ्री-फेज बनवणाऱ्या व्हीएफडीचा होता. तो वेग हवा तसा बदलू देतो, म्हणून मला तो आवडला होता. पण २३० व्होल्ट आत देणारा साधा व्हीएफडी बाहेरही २३० व्होल्टच देतो, आणि ही मोटर आत स्टार जोडलेली, बाहेर फक्त तीनच तारा काढलेली होती. म्हणजे ४१५ व्होल्टच्या मोटरला जवळजवळ निम्मा विद्युतदाब मिळणार आणि तिचा पूर्ण वेगातला जोर तिसऱ्या हिश्शावर येणार. वाइंडिंगवाल्याकडून मोटर उघडून २३० व्होल्टवर चालेल अशी डेल्टा जोडणी काढून घेता आली असती, पण तो खर्च आणि व्हीएफडीची किंमत मिळून नव्या मोटरच्या वर गेली. शेतावरच्या पंपासाठी कपॅसिटर लावून थ्री-फेज मोटर चालवण्याचा जुगाड आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे, आणि शेजाऱ्यांनी तो सुचवलाही. परंतु सुरू होतानाचा जोर त्यात फार कमी मिळतो, आणि ब्लेड बारमध्ये अडकले की मोटर जळायला वेळ लागत नाही.

शेवटी १,४४० फेऱ्यांची, अर्ध्या हॉर्सपॉवरची, कपॅसिटर-स्टार्ट सिंगल फेज मोटर बसवली. जुना स्टार्टर ठेवावा की साधा स्विच लावावा, यावर थोडा वाद झाला. मी स्टार्टरच्या बाजूने होतो, कारण त्यातली नो-व्होल्ट कॉइल वीज गेली की संपर्क सोडते आणि वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होत नाही. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात चालू स्विचवर राहिलेली करवत ही गोष्ट मला सहन होणारी नव्हती. स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची होती, ती २३० व्होल्टची घेतली, आणि ओव्हरलोड रिले (प्रवाह वाढला की मोटर बंद करणारा भाग) एका फेजची उणीव समजून ट्रिप होऊ नये म्हणून मोटरचा प्रवाह त्याच्या तिन्ही खांबांतून फिरवून नेला. अर्थिंगची तार चौकटीला स्वतंत्र बोल्टने जोडली आणि शेडच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला.

नवी मोटर उलटी फिरली. पट्टा चढवण्याआधी पुलीवर खडूची खूण करून बटण क्षणभर दाबले होते, म्हणून ते वेळीच कळले. स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोके अदलाबदल केल्यावर दिशा सुधारली. पट्टा चढवून, ब्लेडसह सुरू केले असते तर दात पाठीकडून घासले गेले असते.

कापाबाबत पुढे आलेले पर्याय

तिरका काप दुरुस्त करायला चार मार्ग समोर होते. पहिला, ब्लेडच्या दोन्ही बाजूंची बेअरिंग ज्यांवर बसवलेली असतात ते गाईड फिरवून काप सरळ करायचा. दुसरा, बार पकडणाऱ्या व्हाइसचा स्थिर जबडा आणि टेबल यांच्यात दोष शोधायचा. तिसरा, नवे ब्लेड घेऊन मग पाहायचे. चौथा, यंत्र पूर्ण सोडून चाकांपासून क्रमाने बसवायचे. आम्ही पहिला निवडला, कारण त्याला एक पैसा लागत नव्हता आणि गाईडचे बोल्ट समोरच होते.

या निवडीचे समर्थन करता येण्यासारखे थोडे आहे. चाकांवरून येणारे ब्लेड कलते असते आणि बार कापताना ते टेबलाला काटकोनात उभे राहावे लागते. दोन गाईड त्याला दोन्हीकडून पीळ देऊन उभे करतात. गाईडचा पीळ कमीजास्त झाला की काप वरून खाली तिरका जातो, हे खरेच आहे. त्यामुळे तिरका काप पाहून हात गाईडकडे जातो, यात नवल नाही. पण तेच लक्षण दुसऱ्या तीन कारणांनीही दिसते, आणि ती कारणे तपासायला पाच मिनिटे पुरली असती.

पहिला रविवार गाईड फिरवण्यात गेला. काप अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आला. दुसऱ्या रविवारी आणखी थोडे फिरवून तो जवळजवळ सरळ झाला, पण ब्लेड गरम होऊ लागले आणि पुढच्या गाईडचे एक बेअरिंग कुरकुरायला लागले. तिसऱ्या रविवारी ब्लेड दोनदा चाकावरून उतरले. त्याच दिवशी मालकांनी उद्यमनगरात चाळीस वर्षे काढलेल्या एका निवृत्त मिस्त्रींना बोलावले. त्यांनी यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही, ब्लेड काढायला सांगितले, उजेडात धरले, दातांच्या एका बाजूवरून आणि मग दुसऱ्या बाजूवरून अंगठ्याचे नख ओढले आणि म्हणाले, “सर, पातं एका अंगानं मेलंय. आदी पातं बदला, मग बाकीचं बघू.”

भिंग लावून पाहिले तेव्हा ते कळले. दातांना दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाक दिलेला असतो, त्यामुळे काप ब्लेडच्या जाडीपेक्षा थोडा रुंद पडतो आणि ब्लेड अडकत नाही. या ब्लेडच्या उजवीकडच्या दातांची टोके आरशासारखी चकचकीत झाली होती; बहुधा कधीतरी व्हाइसच्या जबड्याला घासून तो वाक गेला होता. उजवी बाजू कापत नव्हती, डावी कापत होती, म्हणून ब्लेड प्रत्येक काप डावीकडे ओढत होते. आणि आम्ही तीन रविवार खपून सगळे यंत्र त्या मेलेल्या ब्लेडला जुळवून घेतले होते.

केलेली कामे

नवे ब्लेड बायमेटलचे (पाठ लवचीक पोलादाची, दात कठीण पोलादाचे), दर इंची १० ते १४ असे बदलते दात असलेले घेतले. दात किती असावेत याचा हिशोब मिस्त्रींच्या आणि माझ्या बोलण्यात एकच निघाला: एका वेळी किमान तीन दात मालात असलेच पाहिजेत, नाहीतर कडेला दात अडकून मोडतो. मालकांच्या कामात ५० मिलिमीटरचे भरीव बार आणि ३ मिलिमीटर जाडीचे पाइप दोन्ही होते. भरीव बारला याहून विरळ आणि पाइपला याहून दाट दात चांगले. म्हणून रोजच्या वापराला हे मधले, आणि पातळ पाइपासाठी दर इंची १४ ते १८ दातांचे दुसरे, असे दोन ब्लेड ठेवायचे ठरले. ब्लेड गुंडाळून येते तेव्हा कधी कधी उलटे होऊन आलेले असते. चाकावर चढवल्यावर दातांची टोके मोटरकडे असली पाहिजेत, नसतील तर ब्लेड आतून बाहेर वळवायचे.

नव्या ब्लेडने पहिला काप घेतला आणि तो उजवीकडे तिरका गेला. ५० मिलिमीटरला जवळजवळ मिलिमीटरभर. म्हणजे आधीची सगळी ‘दुरुस्ती’ आता उघडी पडली होती. इथे चौथा पर्याय, म्हणजे चाकांपासून सुरुवात, हा एकच मार्ग उरला.

दोन्ही गाईड पूर्णपणे सोडून बाजूला केले आणि ब्लेड नुसत्या दोन चाकांवर धावू दिले. वरचे मोकळे चाक एका सरकत्या ठोकळ्यावर बसते आणि मागच्या स्क्रूंनी त्याचा कल बदलतो. ब्लेडची पाठ चाकाच्या कडेच्या काठाजवळ राहावी पण त्यावर दाबून घासू नये, असा हा कल लावायचा असतो. ताण कमी असताना ब्लेड नीट धावत होते आणि ताण वाढवला की काठावर चढून बाहेर येत होते. लोखंडी पट्टी दोन्ही चाकांवर आडवी धरून पाहिले, तेव्हा कारण सापडले: सरकता ठोकळा खाचेत एका कडेने झिजला होता आणि ताण आला की चाकासकट आत झुकत होता. नवा ठोकळा मिलिंग करून घ्यावा की खाचेत शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, घालावी, हा छोटा पण महत्त्वाचा निर्णय होता. ठोकळ्याची बाकीची बाजू चांगली होती आणि झीज सरळ होती, म्हणून ०.२ मिलिमीटरची पितळी पट्टी कापून खाचेच्या झिजल्या बाजूला बसवली. झीज वेडीवाकडी असती तर शिमने भागले नसते.

आता ताण. पुस्तकात लिहिलेले आकडे मालकांनी विचारले आणि मी नेहमीचे शिक्षकी उत्तर दिले की हाताला घट्ट लागले पाहिजे. ते त्यांना पटले नाही, आणि त्यांनी काढलेली युक्ती मी आता इतरांना सांगतो. सैल ब्लेडवर डिजिटल व्हर्नियर १२५ मिलिमीटरवर उघडून त्याचे दोन्ही जबडे छोट्या क्लॅम्पांनी ब्लेडला पकडले, आकडा शून्य केला आणि मग ताणाचा हँडव्हील फिरवला. ब्लेड ताणले की ते लांबते आणि व्हर्नियर ती लांबी दाखवते. पोलादाची लवचिकता ठाऊक असल्याने हिशोब सरळ आहे: १२५ मिलिमीटरात ०.०८५ मिलिमीटर वाढ झाली की ब्लेडवर दर चौरस मिलिमीटरला सुमारे १४० न्यूटनचा ताण आला असे समजावे. मी हाताने घट्ट म्हणून ठरवलेल्या जागी आकडा होता ०.०३. म्हणजे हव्या त्या ताणाच्या तिसऱ्या हिश्शाच्या जरासा वर. बायमेटल ब्लेडला याहूनही जास्त ताण चालतो, परंतु दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिळून चाकाच्या आसावर २०० किलोंच्या वर ओढ येते आणि ओतीव चौकट लहान आहे, म्हणून ०.०८५ वर थांबायचे ठरवले. काम संपल्यावर ताण सोडायचा, हा नियमही तेव्हाच घातला.

त्यानंतर गाईड. प्रत्येक गाईडवर दोन बेअरिंग ब्लेडच्या दोन बाजूंना आणि एक पाठीला असते. बाजूच्या दोहोंपैकी एकाची खीळ मुद्दाम केंद्राबाहेर केलेली असते, ती फिरवली की फट कमीजास्त होते. कुरकुरणारे बेअरिंग त्यावरचा नंबर पाहून बदलले. चाक हाताने फिरवत, दोन्ही बेअरिंग ब्लेडसोबत फिरतील पण बोटाने धरल्यास थांबतील, एवढी फट ठेवली. मग टेबलावर गुण्या उभा करून त्याची पाती ब्लेडच्या अंगाला लावली. दातांचा वाक बाहेर आलेला असतो, म्हणून दात टाळून फक्त मागच्या सपाट भागाला लावायची. मागून टॉर्च धरून प्रकाशाची रेघ पाहत आधी एक गाईड आणि मग दुसरा जुळवला. या कामाला पाऊण तास लागला. पहिल्या रविवारी आम्ही हेच काम चार तास केले होते.

व्हाइसचा स्थिर जबडा ब्लेडला काटकोनात नव्हता. त्याचे अंशांचे मोजमाप ढोबळ होते. गुण्याने जुळवून बोल्ट आवळले आणि काटकोनाच्या जागी एक टेपर पिन मारून घेतली, म्हणजे ४५ अंशांचे काम झाल्यावर जबडा परत त्याच जागी येतो. गिअरबॉक्सचे झाकण काढले तेव्हा आतले ग्रीस काळे पडलेले आणि त्यात पितळी कण चमकत होते. वर्म चाकाचे दात मात्र शाबूत होते. केरोसीनने धुऊन, ऑइल सील बदलून गिअर ऑइल भरले.

राहिला उतरण्याचा दाब. चौकट स्वतःच्या वजनाने बारवर उतरते आणि मागची स्प्रिंग त्या वजनातला भाग उचलून धरते. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा चौकटीच्या टोकाला लावून उचलले तर आकडा नऊ किलो आला. स्प्रिंग ढिली पडली होती. नवी बसवून तो भरीव बारला सुमारे पाच किलो आणि पाइपाला तीन किलोपर्यंत आणला. हा बदल करण्याआधी, घाईत, २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाचा एक काप घेतला होता. पाइपाची जाडी १.६ मिलिमीटर, ब्लेड १० ते १४ दातांचे, दाब नऊ किलो. वरचा पत्रा संपून बाजूच्या पातळ भिंती लागताच कट् कट् असे आवाज आले आणि नव्या ब्लेडचे सहा दात गेले. त्या आवाजाची मालकांच्या मनात इतकी धास्ती बसली की पाइप कापताना ते आजही चौकट हाताने धरून उतरवतात, आणि ते बरोबर करतात.

परिणाम

सगळी कामे झाल्यावर बार अर्धा फेरा फिरवण्याची चाचणी पुन्हा घेतली. वरखालच्या जाडीतला फरक ०.३ मिलिमीटर, म्हणजे ५० मिलिमीटरला खरी चूक ०.१५; पुढे-मागे ०.२, म्हणजे ०.१. कापलेल्या तोंडावर पट्टी धरली तर मध्ये उजेड दिसत नाही. हे वेगळे तपासण्याचे कारण असे, की सपाट पण तिरका काप हा बहुधा बसवणीचा दोष असतो, तर पोट आलेला वाकडा काप ताण कमी किंवा दाब जास्त असल्याचे सांगतो, आणि दोन्हींची औषधे वेगळी आहेत.

नवे ब्लेड चढवले की पहिले चार-पाच काप निम्म्या दाबाने घेण्याची सवय मालकांनी लावून घेतली आहे. वेगासाठी चाकावर खडूची खूण करून मिनिटाला किती फेरे होतात ते मोजले. मधल्या पायरीवर ५० फेरे भरले, म्हणजे ब्लेडचा वेग मिनिटाला २९ मीटर. माइल्ड स्टीलला ही पायरी, स्टेनलेसला खालची आणि अॅल्युमिनियमला वरची, अशी पाटी त्यांनी शेडच्या भिंतीवर रंगवली आहे. बरोबर बसलेल्या कापात कीस वळलेला आणि पांढरा पडतो. धुळीसारखा बारीक पडू लागला की दाब कमी, निळसर जाड पडू लागला की दाब जास्त. ५० मिलिमीटरचा बार आता सहा-सात मिनिटांत कापला जातो आणि शेवटी चौकट खाली बसली की स्विचची पट्टी दाबली जाऊन यंत्र आपणच थांबते.

खर्चाचे सांगायचे तर मोटर, स्टार्टरची कॉइल, स्टँड, दोन ब्लेड, बेअरिंग आणि किरकोळ वस्तू मिळून यंत्राच्या खरेदीइतकीच रक्कम वर गेली. जुने यंत्र घेणाऱ्याने एवढे गृहीत धरावे, असे माझे मत आहे. मालकांना ते अजून मान्य नाही.

काय वेगळे करता आले असते

यंत्र घेताना ते चालवून पाहायला हवे होते. ते शक्य नव्हते, कारण कारखान्याची वीज तोडलेली होती. पण ब्लेड काढून भिंगाखाली पाहणे, गिअरबॉक्समधून बोटभर ग्रीस काढून पाहणे आणि मोकळे चाक धरून हलवणे याला वीज लागत नाही. यांपैकी काहीही केले नाही.

नवे ब्लेड पहिल्याच दिवशी घ्यायला हवे होते, आणि हा विलंब माझा आहे. ब्लेड हा झिजणारा भाग. झिजलेल्या भागाला प्रमाण मानून न झिजणारे भाग हलवायचे नसतात, हे मी वर्गात सांगत असे. येथे मात्र ब्लेडची किंमत वाचवण्यासाठी मीच मालकांना म्हणालो की आधी आहे त्यावर जुळवून पाहू. गाईड हलवण्यापूर्वी त्यांच्या जागा रंगाने खुणून ठेवल्या असत्या तरी निदान परत फिरता आले असते. तेही केले नाही.

फिरवून घ्यायची चाचणी सुरुवातीलाच ठाऊक असती तर पहिल्या संध्याकाळचे अभिनंदन वाचले असते. आणि चौकोनी पाइप किंवा अँगल कापताना तो व्हाइसमध्ये कसा धरावा यावर आम्ही उशिरा विचार केला. अँगल पालथा, कोपरा वर करून धरला की दातांना कापाच्या शेवटपर्यंत साधारण सारखी जाडी मिळते. सहा दात गेल्यानंतर हे सुचले.

एक गोष्ट अजून अर्धवट आहे. चौकट ज्या खिळीवर वळते ती खीळ थोडी सैल आहे, आणि उरलेली ०.१५ मिलिमीटरची चूक बहुधा तिथलीच असावी. खिळीभोवतीचा बुश बदलायचा तर भोक रीम करावे, म्हणजे अचूक मापाला तासून घ्यावे लागेल आणि त्यासाठी चौकट उद्यमनगरात न्यावी लागेल. मिस्त्री म्हणतात, करून टाका. मालक म्हणतात, लेथवर तोंड साफ करायचेच आहे, तर एवढ्यासाठी यंत्र खोलायचे नाही. यंदाचा पावसाळा संपेपर्यंत ते तसेच चालवायचे आणि दिवाळीनंतर चकतीची चाचणी पुन्हा घ्यायची, असे तूर्त ठरले आहे.